गजाननराव आडवे होतात

चंडीगढ हे शहर बसण्यासाठी बांधलेलं आहे. दर सेक्टरला बाग, बागेत बाक, बाकावर ऊन आणि उन्हात एक निवृत्त माणूस, अशी योजना मूळ नकाशातच असावी. मी त्या योजनेचा समाधानी लाभार्थी आहे. गजानन भारसाकळे मात्र वीस वर्षं या शहरात राहून एकाही बाकावर बसलेले कुणी पाहिले नाहीत.

ते उभेच असत. खताच्या एका कंपनीच्या नोकरीसाठी अकोटहून इथं आले, कंपनीनं इथलं ऑफिस बंद केलं, आणि मग पंचकुल्याला एका पॅकिंगच्या कारखान्यावर देखरेखीचं काम लागलं. पण ते झालं पोटाचं. खरं काम इथल्या मराठी मंडळाचं. गणपतीच्या मांडवाचा खांब धरून उभे, हळदीकुंकवाच्या दिवशी बायकांच्या चपलांपाशी उभे, बदली होऊन आलेल्या कुटुंबाला उतरवून घ्यायला स्टेशनवर उभे. पंगतीत कुणी हात धरून ओढलं, तर म्हणायचे, "तुम्ही बसा जी. मी आहो न." आणि बायकोच्या ताटातली पोळी उचलून, तिचा सुरळीसारखा घास करून, चालता चालता जेवून टाकायचे.

शशिकलावहिनी म्हणायच्या, "भाऊजी, लग्नात सप्तपदी झाल्यावर हे बसलेच नाहीत. तेव्हापासून चालूच आहेत."

अशा माणसानं दोन महिने झोपून राहायचं कबूल केलं, ही बातमी मंडळात आली तेव्हा आम्हाला वाटलं, काहीतरी असाध्य रोग झाला असणार. रोग नव्हता. अंतराळ होतं.

त्याचं असं झालं. मोहालीत काचेच्या इमारतीत एक कंपनी आहे. ती आणि तिच्यासारख्याच दोन परदेशी कंपन्या मिळून पृथ्वीभोवती फिरणारं एक खासगी स्थानक उभारायच्या खटपटीत आहेत. सरकारी नव्हे; उद्या औषधवाले, धातूवाले, हौशी श्रीमंत, कुणीही जागा भाड्यानं घ्यावी असं. पण तिथं महिनोन् महिने राहणाऱ्या माणसाचं रक्त डोक्याकडे चढतं, पायांचे स्नायू वितळतात, हाडं विरतात. ते थांबवायला मोहालीवाल्यांनी एक विजार काढली होती. ती अधूनमधून आपोआप फुगायची आणि पाय आवळायची. आता प्रत्येक विजार वर पाठवून कोण बघणार? म्हणून माणसाला जमिनीवरच, डोकं खाली आणि पाय किंचित वर अशा उतरत्या पलंगावर झोपवायचं. खाणं, अंघोळ, दात घासणं, आणि ज्याचा उल्लेख करायचा नाही तेही, सगळं आडव्यानं. एक खांदा सतत गादीला टेकलेला हवा. हाच प्रयोग त्याच वेळी जर्मनीत आणि जपानमध्येही चालू व्हायचा होता. तीन देशांतली डझनभर धडधाकट माणसं एकाच कोनात लोळणार होती. सीमेवरून, समुद्रावरून, चहात दूध घालण्यावरून ज्या देशांचं जमत नाही, त्यांचं पलंगाच्या उतारावर एकमत झालं होतं. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात ते हेच असावं.

कंपनीत काम करणाऱ्या आपल्या एका मुलानं मंडळाच्या ग्रुपवर प्रयोगासाठी माणसं हवीत, असं निवेदन टाकलं. इतरांनी त्याखाली हसरे चेहरे टाकले. गजाननरावांनी नाव टाकलं.

का, ते समजायला त्यांच्या वडिलांना भेटायला हवं. बाळकृष्ण भारसाकळे, ऐंशीच्या पुढचे, अकोटच्या शाळेतले निवृत्त ड्रिल मास्तर. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. माणूस भेटला की ते आधी त्याचे गुडघे बघत, मग खांदे, आणि वेळ उरलाच तर चेहरा. मला पहिल्यांदा भेटले तेव्हा म्हणाले, "पोट आत घ्या." मी घेतलं. अजूनही त्यांची आठवण आली की घेतो.

मास्तर खोलीत आले की भारसाकळ्यांच्या घरातली पलंग-खुर्ची रिकामी होई. कुणी सांगायचं नाही, कुणी ऐकायचं नाही. चहा हातात असला तर चहासकट माणूस उभा. सोळा वर्षांची नात रेवा, जिला मराठी सगळं कळतं आणि बोलते सगळं हिंदीत, तीसुद्धा मोबाइलमधून मान वर न काढता उभी राहायची. आणि बाहेरून आलं की आधी मास्तरांच्या पायांवर हात. गजाननराव सेहेचाळीस वर्षांचे होते, पण कारखान्यातून आल्यावर बूट काढायच्याही आधी वाकत.

मास्तरांचं मुलाबद्दलचं मत सगळ्या सेक्टरला पाठ होतं. "बी.एस्सी. अर्धी. आयटीआय अर्धा. एन.सी.सी.च्या कॅम्पातून ताप आला म्हणून परत. कंपनीनं ऑफिस बंद केलं, तर ते बी अर्ध्यातच. हा लोकाइची कामं पुरी करते, स्वतःचं एक नाही." हे ते गजाननरावांच्या समोरच म्हणत, आणि गजाननराव शेजारी उभे राहून, हवामानाचा अंदाज ऐकावा तसे ऐकत. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. पण एकदा मला म्हणाले, "साहेब, मी काही चंद्रावर जात नाही. पण एक गोष्ट मले पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत करायची आहे. फक्त एक. अन् ती बाबांच्या देखत व्हावी."

ही ती गोष्ट होती.

मास्तरांनी निवेदन दोनदा वाचून घेतलं. "नुसतं झोपायचं?"

"हो, बाबा."

"पुरं करशीन?"

"करतो."

"पाहू," मास्तर म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी बागेत मी माझ्या कानांनी ऐकलं. एका निवृत्त सरदारजी कर्नलला ते त्यांच्या अकोटी हिंदीत सांगत होते, "हमारा गजानन अंतराळ के काम पे है."

डिसेंबरात गजाननराव आडवे झाले. बाहेर धुकं असं दाट की शहरातले गोल चौक अंदाजानं फिरावे लागत, आणि आत हा माणूस उबदार खोलीत, पाय वर करून. पहिला आठवडा वाईट गेला. पाठ धरली, नाक चोंदलं, आणि डोक्याकडे रक्त चढून चेहरा उकडीच्या मोदकासारखा फुगला. मी फोनवर बघून म्हटलं, "तब्येत सुधारलेली दिसते."

"हसा जी, हसा. पहिले तीन दिवस लाज वाटली. मंग लाज सरली. आता नुसता कंटाळा उरला."

कंटाळाही टिकला नाही. पडल्या पडल्या त्यांनी मंडळ चालवायला घेतलं. कुणाच्या मुलाला पीजी हवंय, कुणाचा सिलिंडर संपलाय, सगळं फोनवर. आठवड्यातून एकदा पडद्यावर तिन्ही देशांतले लोळणारे एकमेकांना भेटत. जपानमध्ये एक टॅक्सी चालवणारा गृहस्थ होता, जर्मनीत एक पाववाला. त्या पाववाल्याचा वाढदिवस गजाननरावांनी शोधून काढला आणि तीन देशांतून त्याला आडवं गाणं म्हणायला लावलं. संक्रांतीला वहिनींनी तिळगूळ पाठवला. पण खाल्लेला प्रत्येक घास तिथं तोलून मोजत असल्यामुळे तो डॉक्टर जसलीन कौर यांच्या टेबलावर अडकला. त्या प्रयोगाच्या प्रमुख; कडक बाई. दोन दिवसांत डबा रिकामा झाला. "अब डॉक्टरसाहब मीठा बोलती हैं," गजाननराव मला म्हणाले. "आपल्या शास्त्रात काही खोटं नाही."

तेवढ्यात मास्तरांचे पाय सुजले.

हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं की आता दिवसांचा हिशेब आहे. इस्पितळात ठेवायचं म्हटलं तर मास्तर म्हणाले, "मी घरून जाईन. तिथं लोक कुबड काढून बसतात." रात्री उशांना टेकून, अर्धे बसून श्वास घेत. वहिनींनी गजाननरावांना फोनवर सगळं सांगितलं. प्रयोगातून कधीही, कारण न देता उठून जायचा हक्क प्रत्येकाला होता. तसा कागद पहिल्याच दिवशी वाचून दाखवलेला. फक्त उठलेल्या माणसाची सगळी मोजमापं बाद.

त्या संध्याकाळी मी तिथंच होतो. रेवानं फोन आजोबांच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर गजाननरावांचा सुजका, आडवा चेहरा.

"बाबा, येऊ का मी?"

"काहून?"

"तुमची तब्येत..."

"माझी तब्येत मी पाहतो. तुह्ये किती राहिले?"

"दोन आठवडे अन् थोडे."

मास्तरांना एका वाक्याला दोन श्वास लागत होते. "अर्ध्यातून उठशीन तर याद राख. एक तरी पुरं कर."

गजाननराव म्हणाले, "हो." फोन बंद झाला. त्यांनी ठरवलं ते तिथंच ठरलं.

ठरलं नव्हतं ते मास्तरांचं. चार दिवसांनी सकाळी त्यांनी वहिनींना बोलावून सांगितलं, "मले त्याले पाहायचं आहे. त्याले सांगू नको. नाही तर पळत येईन तिकून." वहिनींनी विनवलं, डॉक्टर जसलीनना फोन केला. नियमात भेटी नव्हत्या. पण त्या बाईंचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते, आणि तेव्हा त्या परदेशी होत्या, असं नंतर कळलं. त्यांनी परदेशी मंडळींशी बोलून दहा मिनिटांची परवानगी काढली. अटी सगळ्या सांगितल्या. डोक्याला टोपी, तोंडाला मुसकं, पडलेल्या माणसाला हात लावायचा नाही, रडायचं नाही. सगळ्यांनी सगळ्या कबूल केल्या. एवढे शिकलेले लोक, तीन देशांच्या समित्या; त्यांनी आग, भूकंप, वीज जाणं, सगळ्याचा विचार केला होता.

मी गाडी काढली. मास्तरांनी पांढरा शर्ट मागितला, इस्त्रीचा. सुजलेल्या पायांत कॅनव्हासचे बूट जाईनात, तेव्हा वहिनींनी नाड्या काढून ते चढवले. मोहालीपर्यंत ते ताठ बसून समोरच्या धुक्याकडे बघत होते. कंपनीच्या दारात चाकांची खुर्ची आणली, तीत बसले, लिफ्टमधून वर गेले. पण खोलीच्या दारापाशी त्यांनी हात वर केला.

"इथून चालतो."

"मास्तर, नको हो."

"पोराच्या समोर गाड्यात बसून जाऊ?"

एका बाजूनं रेवा, एका बाजूनं काठी. आम्ही मागे. दार उघडलं.

गजाननराव पडून छताकडे बघत होते. पायांत ती फुगीर विजार. "कोई मिलने आया है," असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, त्यांना वाटलं असेल मंडळाचं कुणी. त्यांनी हसून मान वळवली. आणि दारात वडील उभे दिसले.

पुढे जे झालं त्याला निर्णय म्हणता येणार नाही. निर्णय चार दिवसांपूर्वी झाला होता, आणि तो उलटा होता. पण वडील उभे आहेत आणि आपण पाय त्यांच्याकडे करून लोळतोय, हे चित्र त्या घरातल्या माणसाच्या अंगात बसतच नव्हतं. डोक्यापर्यंत काही पोचायच्या आत अंग उठलं. त्यांनी पाय खाली सोडले आणि ते उभे राहिले. सहा आठवड्यांनी पहिल्यांदा. डॉक्टर जसलीन ओरडल्या, "भारसाकळेजी, नहीं! लेटे रहिए!" त्या धावल्या, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. गजाननराव दोन पावलं आले. आणि नमस्काराला वाकले.

सगळं रक्त पायांत उतरलं असणार. त्यांचा चेहरा एकदम कागदासारखा झाला. हात पुढे झालेला होता. तो मास्तरांच्या बुटांपर्यंत पोचला नाही. ते एका अंगावर, उपकरणांच्या लोखंडी गाड्यावर पडले आणि तिथून जमिनीवर. आवाज सुक्या फांदीसारखा आला. विजार तेवढी ठरल्या वेळी फुगली, आणि सुस्कारा टाकून सैल झाली.

खुब्याचं हाड मोडलं होतं.

मास्तर तसेच उभे होते. त्यांना वाकता येत नव्हतं. रेवा "पापा, पापा" करत खाली बसली, वहिनी बसल्या, डॉक्टर बसल्या. खोलीत उभा असलेला एकटा तो म्हातारा. मी त्यांना धरलं तर हाताखाली दंड पाखराएवढा लागला.

परत येताना गाडीत ते एकच बोलले. "माह्यानं झालं." मी म्हणालो, "तसं नाही हो मास्तर." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

कंपनीचे लोक वाईट नव्हते. मोठ्या इस्पितळात त्यांनी सगळी व्यवस्था केली. परदेशी मंडळींनी पत्र पाठवलं. गजाननरावांची सहा आठवड्यांची मोजमापं बाद झाली, आणि नियमावलीत एक नवं कलम आलं, की सहभागी व्यक्तीच्या ज्येष्ठ नातेवाइकांना आत सोडू नये. तिकडे जपानमधल्या टॅक्सीवाल्याला ही हकिगत कळली म्हणे. पडल्या पडल्या त्यानं उशीवरून डोकं उचलून मान झुकवली, आणि तेवढ्यावरून त्याचे डॉक्टर त्याच्यावर ओरडले.

शस्त्रक्रिया दोन दिवसांनी ठरली होती. तिच्या आदल्या दिवशी पहाटे मास्तर गेले. जाण्याआधी त्यांनी मला विचारलं, "त्याचे दिवस भरले?" मी म्हटलं, "भरले." त्यांना खरं वाटलं की नाही, कुणास ठाऊक. त्यांनी खांदे सरळ करायचा प्रयत्न केला, आणि तेवढ्यात गेले.

आता मंडळाची खरी पंचाईत झाली. परक्या गावात मराठी माणूस गेला की बांबू कुठे मिळतात, मडकं कुणाकडे, आपले विधी जाणणारे गुरुजी कोण, हे सगळं एकाच माणसाला ठाऊक होतं. आम्ही दहा-बारा माणसं त्या घरात उभी होतो आणि कुणालाच काही येत नव्हतं. शेवटी मीच फोन लावला.

गजाननराव म्हणाले, "वहिनीनं सांगितलं मले." बायकोला ते माझ्यासमोर वहिनीच म्हणत. मग लगेच, "बांबू सेक्टर सव्वीसच्या मंडीमागं मिळतात. हिरवे घ्या. मडकं मनीमाजऱ्याले, कुंभाराच्या पहिल्या दुकानात, माझं नाव सांगा. गुरुजीले मी सांगतो." त्यांचा आवाज नेहमीचा होता, दुसऱ्या कुणाच्या वडिलांसाठी बोलत तसा. फक्त शेवटी म्हणाले, "शववाहिका इकून आणा. दवाखान्याच्या गेटापाशी."

अग्नी कोण देणार, हा प्रश्न होता. त्यांनी रेवाला फोनवर घेतलं.

"बेटा, तू देशील."

"पापा, मुझे नहीं आता."

"कुणाले येते? गुरुजी सांगतात तसं करायचं."

"पापा, मैं रो दूँगी."

"रड न. त्याले कोण मना करते."

धुकं विरत आलं होतं तेव्हा आमची गाडी इस्पितळाच्या गेटाशी लागली. पहारेकरी नाही म्हणत होता; डॉक्टर जसलीन त्याच्याशी पंजाबीत भांडत होत्या. त्या आपण होऊन आल्या होत्या. स्ट्रेचरवरून गजाननरावांना बाहेर आणलं. पायाला वजन लटकवलेलं ते सोडवून, पाय फळीला बांधलेला. वहिनी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं सारखं नीट करत होत्या.

मी शववाहिकेचं मागचं दार उघडलं. स्ट्रेचर लगत लावलं. दोघं बापलेक एकाच उंचीवर, आडवे. गजाननरावांनी हात लांब केला. हाताला लागलं मास्तरांचं कपाळ.

आम्ही तिरडी उलटी चढवली होती. पाय आत, गाडीच्या टोकाशी, डोकं दाराकडे. आजवर गजाननराव शेजारी उभे राहून सांगायचे, म्हणून सुलटी चढायची.

माधव म्हणून एक तरुण पोरगा, मोहालीतला, ज्यानं ते निवेदन ग्रुपवर टाकलं होतं, तो तोंड फिरवून रडायला लागला.

"काय उलटं चढवलं राजेहो," गजाननराव हळूच म्हणाले. रागावले नव्हते. "खाली घ्या. विसावा इथंच करू."

विसावा म्हणजे वाटेत तिरडी खाली टेकवून, दिशा बदलून पुन्हा उचलतात तो. मोटारी आल्यापासून कोण करतं! आम्ही सगळे विसरलेलो. चौघांनी तिरडी बाहेर काढली, रस्त्याच्या कडेला ओल्या जमिनीवर टेकवली. गुरुजींनी काहीतरी म्हटलं. मग फिरवून उचलली आणि स्ट्रेचरपाशी आणली. गजाननराव सांगत होते, "सावकाश. डाव्या हातानं उचला. अजून. थोडं वर, माधव. बस."

मास्तरांचे अनवाणी, सुजलेले पाय त्यांच्या हाताशी आले. त्यांनी दोन्ही तळवे त्या पायांवर ठेवले आणि ठेवून दिले. वाकता येत नव्हतं. डोकं टेकवता येत नव्हतं. हातांवरचं ओझं आम्हाला जाणवत होतं, पण कुणी हललं नाही.

"पुरं केलं नाही बाबा," ते म्हणाले.

मग हात काढून घेतले. "चला. ऊन व्हायच्या आत पोचा. सिग्नलच्या लाइट पॉइंटानं जाऊ नका, तिथं अडकसान. सरळ पुढच्या गोल चौकातून घ्या."

रेवा ड्रायव्हरशेजारी मडकं मांडीवर घेऊन बसली. मी मागे, मास्तरांच्या उशाशी. गाडी सुरू झाली तशी मागच्या काचेतून दिसत होतं. इस्पितळाचा माणूस स्ट्रेचर वळवायला लागला, "चलें, अंकल?" असं काहीतरी म्हणाला असावा. आमच्या गाडीकडे बघत गजाननरावांनी हात आडवा धरून त्याला थांबवलं.